डबा काही थांबेना

आमच्या आत्याला उंचीची भीती. थोडीथोडकी नाही, स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी ती शेजाऱ्यांना हाक मारायची. घर घेताना तिने पाण्याचं विचारलं नाही, उजेडाचं विचारलं नाही, शेजारी कोण हेही विचारलं नाही. "तळमजला आहे ना?" एवढंच विचारलं आणि चावी पर्समध्ये टाकली. अशा बाईने पन्नाशी उलटल्यावर बंदरातली क्रेन चालवली, असं मी सांगते तेव्हा लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून आता पहिल्यापासूनच सांगते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तंत्रशाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वेळापत्रकात बसलं नाही" म्हणायची आणि विषय बदलायची. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं, दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत. तिच्या विषयाला मात्र मुलांनी नाव ठेवलं होतं, 'रांगतं गणित'.

नाव अगदीच वाईट नव्हतं. काही समीकरणं सरळ उत्तर देत नाहीत. एखादी गोष्ट आत्ता किती वेगाने बदलते आहे, एवढंच सांगतात आणि गप्प बसतात. टाकीतलं पाणी आत्ता किती जोरात वाहतंय हे कळतं, पण तासाभराने किती उरेल ते कळत नाही. मग करायचं काय? आत्ताचा वेग पुढच्या क्षणापुरता तसाच राहील असं धरायचं, तेवढं पाणी वजा करायचं आणि नव्या पातळीवर उभं राहून पुन्हा वेग बघायचा. असं एकेक पाऊल टाकत तासापर्यंत रांगत जायचं. या रीतीला ऑयलरची रीत म्हणतात. सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी आणि आत्याची सगळ्यात लाडकी.

"बाई, पण नेमकं उत्तरच का नाही काढायचं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

"निघत असतं तर तुझ्यासाठी ठेवलं असतं का रे?" आत्याचं उत्तरही दरवर्षी तेच.

त्या काळी संगणक कपाटाएवढे असायचे आणि स्वभावाने म्हशीसारखे. हाकाल तेवढेच चालायचे. बंदरावरच्या प्रशिक्षण केंद्राच्या साहेबांनी तसला एक संगणक हौसेने आणला होता. त्यांच्या मनात होतं, क्रेन चालवायला शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी वर चढवण्याऐवजी आधी खोलीत बसवावं. खुर्ची खरी, दांडे खरे, समोर पडदा. पडद्यावर क्रेन, दोर आणि दोराला लटकलेली मालाची भलीमोठी लोखंडी पेटी. दांडा ओढला की चित्रातली क्रेन सरकणार, पेटी डोलणार. चुकलं तरी कुणाचं डोकं फुटणार नाही. पेटी कशी डोलेल हे संगणकाला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. साहेब तंत्रशाळेत विचारायला आले, मुख्याध्यापकांनी आत्याकडे बोट दाखवलं. शाळा संपल्यावर दुपारी चार ते सहा, असं ठरलं.

बंदरावरचे लोक त्या पेटीला नुसतं 'डबा' म्हणतात. आत्याही दोन दिवसांत तसंच म्हणायला लागली आणि आमच्या घरी घोटाळा सुरू झाला.

"माझा डबा फार हलतोय," ती एकदा जेवताना बाबांना म्हणाली.

"मग झाकण घट्ट लाव," बाबा म्हणाले. "आणि पिशवीत उभा ठेव, आडवा नको."

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, मी त्यांच्या हाताखाली बसायचे. आत्याने आम्हा दोघांना ताटाभोवतीची भांडी सरकवून समजावलं. डबा दोराला लटकलेला, म्हणजे झोपाळाच. आत्ता तो कुठे आहे आणि किती वेगाने निघालाय एवढं संगणकाला ठाऊक. त्या वेगाने तो डब्याला एक पाऊल पुढे सरकवतो. मग दोर डब्याला मागे किती ओढतोय त्यावरून वेग थोडा बदलतो. पुन्हा पाऊल. आपली ऑयलरची रीत. सेकंदाला दहा पावलं, त्याहून जास्त त्या म्हशीला झेपत नव्हती.

"मग अडलंय कुठे?" बाबांनी विचारलं.

"अडलं नाहीये. तेच तर. डबा काही थांबेना."

थांबत नव्हता एवढंच असतं तर चाललं असतं. एकदा हलका धक्का दिला की डब्याचा झोका आपोआप वाढायचा. आधी हातभर, मग खोलीभर, मग क्रेनच्या खांबाला धडका देईपर्यंत. कुणी दांड्याला बोटही लावत नव्हतं. आत्याला वाटलं, आकडा कुठेतरी चुकलाय. ती आकडे तपासत बसली आणि तेवढ्यात साहेबांनी बंदराच्या अध्यक्षांना प्रात्यक्षिक बघायला बोलावलं. आत्याने "अजून आठवडाभर थांबा" म्हणून पाहिलं. पण साहेबांना दम नव्हता.

अध्यक्ष खुर्चीत बसले. मोठा पडदा, अंधारी खोली, भरपेट जेवण झालेलं. पहिलं मिनिट छान गेलं. अध्यक्षांनी दांडा ओढला, डबा डोलला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग डबा डोलतच राहिला. अध्यक्षांनी दांडा सोडून दिला; डब्याला त्याचं काही नव्हतं. पडदाभर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अध्यक्षांचा चेहरा आधी पांढरा, मग हिरवट झाला, आणि ते तोंडावर रुमाल धरून जे धावत सुटले ते थेट न्हाणीघरात.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मागे भिंतीला टेकून उभा असलेला एक उंच, वाळका माणूस मात्र खो-खो हसत होता. तो उस्ताद. आयुष्यभर क्रेन चालवून आता नव्या लोकांना शिकवायचा. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिकाऊला एकट्याने क्रेन चालवायची परवानगी त्याच्या सहीने मिळायची.

"बाई," हसू आवरून तो म्हणाला, "तुमच्या डब्याला वारं लागलंय."

"वारा मी घातलेलाच नाही," आत्या म्हणाली.

"मग भूत लागलं असेल. वारं नाही तर भूत, दोन्हीपैकी एक. असला डबा बघून शिकलेल्या माणसाला मी वर सोडणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

आत्याला वाईट वाटलंच. पण दुसऱ्या दिवशी ती वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होती, तेव्हा खडू मध्येच थांबला. दोष आकड्यात नव्हता, रीतीतच होता. वळणाच्या रस्त्यावर माणूस प्रत्येक पाऊल नाकासमोर टाकत चालला तर दर पावलाला तो रस्त्याच्या किंचित बाहेर पडतो. झोक्याचंही तसंच. प्रत्येक पावलाला डबा असायला हवा त्यापेक्षा केसभर बाहेर, केसभर जास्त जोरात. आणि ही चूक दर वेळी एकाच बाजूला. केस केस साठून दोरखंड झाला होता. टाकीच्या पाण्यात तिला हे कधी दिसलं नव्हतं, कारण टाकी रिकामी होते आणि गोष्ट संपते. झोका संपत नाही.

"आता कळलं म्हणजे झालं," बाबा म्हणाले.

"कळलं म्हणजे झालं असतं तर डॉक्टर कधी आजारी पडले नसते," आत्या म्हणाली.

तिने पावलं लहान केली. डबा शहाण्यासारखा वागायला लागला, पण संगणक हाशहुश करायला लागला. दांडा आत्ता ओढावा आणि चित्र घटकाभराने हलावं. मग तिने थोडी वरच्या दर्जाची रीत घेतली: आधी अर्धं पाऊल टाकून मधला वेग बघायचा आणि त्या वेगाने पूर्ण पाऊल टाकायचं. झोका अगदी चोख आला. पण प्रत्येक पावलाला काम दुप्पट, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. शेवटी तिने चक्क डब्याला खोटं घर्षण लावलं, झोका जेवढा वाढतो तेवढा दाबून टाकायला. दोर ठराविक लांबीचा असेपर्यंत ठीक चाललं. दोर लांब सोडला की डबा मधात पडल्यासारखा जड व्हायचा. आखूड केला की पुन्हा तुफान. उस्तादाने एकदा दांडे हलवून बघितले आणि न बोलता खुर्चीवरून उठला. त्याचं न बोलणं आत्याला भुताच्या विनोदापेक्षा जास्त लागलं.

त्यात भर म्हणून संगणकाच्या माहिती साठवायच्या चकतीने मान टाकली आणि सगळा प्रोग्रॅम पुसला गेला. नशिबाने तो कागदावर छापलेला होता. एका रविवारी सकाळी आत्या बाबांना घेऊन केंद्रात गेली. तिने टंकायचं आणि बाबांनी वाचून दाखवायचं, असं ठरलं. खोटं घर्षण वगैरे सगळं बाजूला ठेवून मूळ प्रोग्रॅम पुन्हा घालायचा, मग बघू. मी त्यांना चहा द्यायला म्हणून गेले आणि तिथेच थांबले.

बाबा चष्मे विकत. स्वतःचा मात्र घरी विसरून आले होते. कागद हातभर लांब धरून, डोळे बारीक करून वाचत होते. आत्या त्यांच्यावर चिडत होती, ते तिच्यावर चिडत होते, आणि दोघं मिळून माझ्या चहावर. दुपारी सगळं टंकून झालं. आत्याने डब्याला धक्का दिला आणि आम्ही तिघं पुरी फुगायची वाट बघावी तशी झोका वाढायची वाट बघत बसलो.

वाढेना.

"काहीतरी बिघडलंय," आत्या म्हणाली.

"चांगलं चाललंय की," बाबा म्हणाले.

"तेच म्हणते मी. चांगलं चालायला नको आहे." तिने दोर आखूड केला, लांब केला, धक्का जोरात दिला. डबा आपल्या मापातच डोलत राहिला, ना कमी ना जास्त. आणि संगणकाला धापही लागली नव्हती. आत्याने बाबांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि एकेक ओळ पडद्याशी ताडून बघायला लागली. मध्यावर कुठेतरी तिचं बोट थांबलं.

"इथे तू खालची ओळ आधी वाचलीस."

"मी नाही वाचली."

"वाचलीस. दोन ओळींची अदलाबदल झालीये."

मूळ प्रोग्रॅममध्ये आधी जुन्या वेगाने डबा सरकायचा, मग वेग बदलायचा. बाबांच्या कृपेने आता आधी वेग बदलत होता आणि त्या नव्या वेगाने डबा सरकत होता. फरक एवढाच. काम तेवढंच, पावलं तेवढीच.

दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानून घरी जाऊन झोप काढली असती. आत्याला तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. "नशिबाने बरोबर आलेलं उत्तर मी मुलांचं तरी धरते का?" ती म्हणाली. शेवटी तिने कागदावर मांडून ते सिद्ध केलं आणि मगच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. नव्या रीतीतही चूक होतीच, पण ती झोक्याच्या एका बाजूला जेवढी व्हायची तेवढी दुसऱ्या बाजूला फिटायची. साठत नव्हती. डबा किंचित पुढेमागे वेळ चुकवायचा, पण पिसाळत मात्र नव्हता. ही युक्ती जगात आधीच कुणाकुणाला ठाऊक होती, हेही तिला पुढे एका जाड पुस्तकात सापडलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. बाबांना वाटलं.

साहेबांना तिने सगळं खरं खरं सांगितलं, चष्म्यासकट. साहेब म्हणाले, "कसं का होईना, झालं ना? आता उस्तादची सही घ्या, म्हणजे शिकाऊंना यावर बसवता येईल."

उस्तादाने बराच वेळ दांडे हलवले. डबा उचलला, नेला, ठेवला. मग म्हणाला, "डबा आता डब्यासारखा वागतोय, हे मान्य. पण खोट्या क्रेनवर शिकलेला हात खऱ्या क्रेनवर चालेल कशावरून?"

"चालवून बघा की."

"कुणाला? माझे सगळे शिकाऊ एकदा तरी वर जाऊन आलेत. त्यांना येतं ते इथून आलं की तिथून, कसं ओळखायचं? क्रेनला कधी हातच न लावलेला माणूस पाहिजे."

साहेब खोलीभर नजर फिरवून असा माणूस शोधायला लागले. आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं, "मग मी शिकते."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. "ताई, तू? तू जिना चढताना कठडा धरतेस, तोही दोन्ही हातांनी!"

"खोलीत शिकायचंय. तळमजल्यावर."

"आणि मग?"

"मगचं मग," आत्या म्हणाली. हे तिच्या तोंडी कधी न ऐकलेलं वाक्य होतं.

महिनाभर ती रोज चार ते सहा त्या खुर्चीत बसली. उस्ताद शेजारी उभा. डबा पुढे झुकला की माणूस घाबरून दांडा मागे ओढतो आणि झोका आणखी वाढवतो; आत्याने पहिले दोन दिवस नेमकं तेच केलं. "त्याच्याशी भांडू नका बाई," उस्ताद म्हणायचा. "तो पुढे निघाला की तुम्हीही त्याच्या मागे चला. त्याला गाठलंत की तो आपोआप गप्प होतो." आत्या घरी येऊन हेच समीकरणात मांडून बघायची आणि दुसऱ्या दिवशी उस्तादाला दाखवायची. उस्ताद कागद उलटा धरून गंभीरपणे बघायचा आणि म्हणायचा, "अक्षर छान आहे." दोघांचं चांगलं जमलं होतं. तो तिच्यासाठी खुर्चीवर उशी आणून ठेवायचा, ती त्याच्या मुलीच्या परीक्षेसाठी गणितं काढून द्यायची.

आणि तो दिवस उजाडला. धक्क्यावर जहाज नव्हतं, एक रिकामा डबा आणि जमिनीवर चुन्याने आखलेली चौकट. साहेब, बाबा, मी आणि पाच-सहा शिकाऊ खाली उभे. वर जायला लोखंडी शिडी होती, जाळीच्या पिंजऱ्यातून वर वर गेलेली. आत्याने साडीऐवजी बाबांची जुनी विजार घातली होती, कमरेला सुरक्षेचा पट्टा. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि डोळे मिटले.

"बाई, डोळे उघडा," मागून उस्ताद म्हणाला. "खाली बघू नका, वर बघू नका. समोरची पायरी बघा. ती चढली की पुढची."

"हे मला तुम्ही शिकवू नका," आत्या दातओठ खाऊन म्हणाली. "हे मी वीस वर्षं शिकवतेय."

खाली उभ्या असलेल्या आम्हालाही ते ऐकू आलं. बाबा हसले नाहीत. ते माझा दंड इतका घट्ट धरून उभे होते की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसला. मध्येच एका टप्प्यावर ती थांबली. बराच वेळ हलली नाही. साहेब ओरडले, "बाई, नको असेल तर उतरा! काही बिघडत नाही!" मग एक पाय हलला आणि वरच्या पायरीवर गेला.

वरच्या केबिनची जमीन काचेची असते, खालचा डबा दिसावा म्हणून. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती पुढे सांगायची, "मी आत पाऊल टाकलं आणि खाली बघितलं तर मी हवेत उभी. तेव्हा मी जे काही बोलले ते उस्तादांना विचारू नका." उस्तादाने ते कधीच सांगितलं नाही, पण विषय निघाला की तो कान पकडायचा.

ती खुर्चीत बसली. उस्ताद शेजारी, हात तातडीच्या ब्रेकवर. आत्याने दांडा ओढला.

डबा जमिनीवरून उचलला गेला आणि डोलला. खालून बघताना तो फार मोठा वाटत होता. क्रेन पुढे सरकली, डबा मागे राहिला, मग पुढे झेपावला. पण क्रेन त्याच्या मागे गेली, अगदी वेळेवर, आणि झोका ओसरला. पुन्हा थोडा डोलला, पुन्हा तिने त्याला गाठलं. चौकटीच्या वर आल्यावर तिने घाई केली नाही. डबा पूर्ण शांत होईपर्यंत थांबली आणि मग खाली सोडला. तो चुन्याच्या रेघेवर थोडा तिरका टेकला. एक कोपरा बाहेर होता.

केबिनमध्ये उस्ताद तिला म्हणाला, "माझा पहिला डबा समुद्रात गेला होता."

तिला उतरवायला मात्र तासभर लागला. चढताना निदान पुढची पायरी दिसत होती. उतरताना पाय चाचपडत टाकावे लागत होते. खाली आल्यावर ती सरळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पाणी." मग पाणी पिऊन साहेबांना म्हणाली, "तिरका गेला तो माझा दोष. रीतीचा नाही."

उस्तादाने तिथेच, शिडीच्या पायरीवर कागद ठेवून सही केली.

खोटी क्रेन त्या केंद्रात पुढे बरीच वर्षं चालली. नवे संगणक आले, सेकंदाला हवी तेवढी पावलं टाकणारे. तरी त्या दोन ओळी तशाच राहिल्या, कारण त्या बदलायचं कुणालाच कारण सापडलं नाही. उस्तादाची मुलगी गणितात पास झाली आणि बापाचा विरोध मोडून त्याच खुर्चीत शिकायला बसली. आज ती बंदरातली सगळ्यात जुनी क्रेनचालक आहे. बाबा दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की बंदराचा संगणक त्यांनी दुरुस्त केला, तोही चष्म्याशिवाय. गिऱ्हाइकं त्यांच्याकडून चष्मा घ्यावा की नाही, या विचारात पडायची.

आत्या पुन्हा कधी वर चढली नाही. उस्तादाने दोनदा बोलावलं, तिने दोन्ही वेळा हात जोडले. पण निवृत्त झाल्यावर ती कधीकधी संध्याकाळी मला घेऊन धक्क्यावर जाते. आम्ही बाकावर बसतो, डबे वर जातात, खाली येतात. एखाद्याचा झोका वाढला की तिचा उजवा हात मांडीवर नकळत हलतो, आणि ती पुटपुटते, "मागे जा, बाळा, त्याच्या मागे जा."